विहिरीच्या अलीकडे लागणारा ब्रेक

लग्नाच्या पंगतीत माणसाने काय बोलावं याला काही धरबंध असावा. आमच्या ह्यांना तो नव्हता. आमच्याच लग्नात, पानात दुसऱ्यांदा बुंदी पडत होती, माझे वडील, म्हणजे तात्या, हात जोडून आग्रह करत होते, आणि हे एकदम म्हणाले, "तात्या, तुमची ती कालव्याखालची पट्टी मी नांगरून देतो. दिवाळीच्या आत."

त्या पट्टीचं दुखणं माझ्या माहेरी अख्ख्या अंथुर्ण्याला ठाऊक होतं. जमीन काळीभोर, पाणी हाताशी, आणि बांधापासून बांधापर्यंत हरळी. ज्यांना हरळी म्हणजे गणपतीच्या दूर्वा वाटतात त्यांनी एकदा ती खणून बघावी. वरून उपटली तर खाली हसत बसते. बैलांचे नांगर तिथे नुसते खाजवून परत यायचे. खोल नांगरट ट्रॅक्टरच करू जाणे, आणि सरकारी ट्रॅक्टर नंबर लावून मिळायचा. तात्यांचा नंबर अगदी जवळ आला होता. जावयाचा शब्द मिळाल्यावर त्यांनी तो नंबर भावकीत एकाला देऊन टाकला आणि पारावर बसून चारचौघांत सांगितलं, "घरचा ट्रॅक्टर असताना सरकारच्या दारात कशाला जायाचं?"

झालं. आता ती पट्टी नांगरली गेली नसती तर तात्यांचं वर्ष गेलं असतं, ते निराळंच. पण पारावरच्या लोकांनी त्यांना जन्मभर "घरचा ट्रॅक्टर" म्हणून चिडवलं असतं. आणि मला माहेरी तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

बोलताना ह्यांच्या लक्षात एकच गोष्ट आली नव्हती. कालव्याच्या भरावावरून त्या पट्टीत उतरायला वाट एकच, आणि ती अशी उतरती की बैलगाडीसुद्धा दोन गडी मागे लोंबकळून उतरवायचे. उतार जिथे संपतो तिथे मोटेची उघडी विहीर. वाट ऐनवेळी उजवीकडे वळते आणि पट्टीत शिरते. म्हणजे ब्रेक लागला तर पट्टी, नाही लागला तर विहीर. मधलं काही नाही.

आता ट्रॅक्टरचं सांगते. ह्यांनी तो लढाईनंतरच्या कुठल्याशा लिलावात उचलला होता. शेतात जन्मलेला नव्हताच तो. विमानतळावर विमानं ओढायचा म्हणे. रंग मिलिटरीचा, आवाज मिलिटरीचा आणि ह्यांचा त्याच्यावरचा जीव नव्या नवरीवर असावा तेवढा. नवी नवरी मी होते, म्हणून मला तो फरक बरोबर कळायचा. सासरी शेळगावात आणि आसपास जे दोनचार ट्रॅक्टर होते त्यांचे ब्रेक लोखंडी सळईचे. आमच्याचा ब्रेक तेलाचा. हे येईल त्या पाहुण्याला बसवून सांगत, "पाय दिला की तेल नळीतनं पळतं, चाकाच्या डब्यात जातं, तिथल्या दोन पट्ट्यांना ढकलतं, आणि पट्ट्या चाक धरतात. एका पायात विमान थांबायचं!" पाहुणे मान डोलवायचे आणि चहा प्यायचे.

खरं सांगायचं तर पहिला पावसाळा अर्धा होईपर्यंत ब्रेक होताही तसा. ह्यांनी भावकीची रानं नांगरली, बारामतीला दोन खेपा केल्या, कधी काही अडलं नाही. बिघडलं ते बैलपोळ्यानंतर.

पोळा झाला, दोनतीन दिवसांनी ह्यांनी ट्रॅक्टर बाहेर काढला आणि संध्याकाळी रुबाबात परत आले. मी चुलीपुढून उठून दारात आले होते, उगाचच. हे अंगणात शिरले, पाय दिला, आणि माझ्याकडे बघून हसले. ट्रॅक्टर काही थांबला नाही. हे हसतच होते. गोठ्यावरून गेले, तुळशीच्या कट्ट्याला वळसा घातला, आणि "थांबतोय, थांबतोय" असं ओरडत कडब्याच्या गंजीत शिरले. गंजी अर्धी त्यांच्या डोक्यावर आली. आतून आवाज आला, "थांबला!"

त्या दिवसापासून घरात ब्रेक सोडून दुसरा विषय नाही. नाही म्हणायला एक होता. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, त्यांचा लोण्याचा गोळा पोळ्याच्या आदल्या दिवशी शिंक्यावरून नाहीसा झाला होता. चांगला मोठा, आठवडाभर साठवलेला. घरात नवं माणूस एकच, मी. उघड कुणी काही बोललं नाही. पण मी भाकरीवर काही घेतलं की आत्याबाई हवेला सांगायच्या, "आमच्या येळंला सुना कोरडं खायाच्या बाई." मला असा संताप यायचा! मला लोणी आवडत नाही, हे सांगून कुणाला पटतं? आमच्या माहेरीदेखील पटलेलं नव्हतं.

ह्यांनी आधी स्वतः डोकं चालवलं. तेलाची डबी बघितली, भरलेली. नळ्या बघितल्या, कुठे ओल नाही. मग बारामतीहून मिस्त्री आणला. ट्रकांची कामं करणारा माणूस, खाकी अर्धी चड्डी, कानावर विडी. आला तोच ट्रॅक्टरखाली गेला आणि तिथूनच निकाल दिला, "हवा शिरलीय पाइपात. काडावी लागंल."

हवा काढायची रीत अशी. एकाने वर बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली चाकापाशी एक बारीक तोटी सैल करायची, बुडबुडे बाहेर पडू द्यायचे, तोटी आवळायची, आणि मगच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेर गेलेली हवा परत आत. हे वर बसले. मिस्त्री खालून म्हणाला, "दाबा." ह्यांनी दाबला. "धरा." ह्यांनी धरला, आणि बुडबुडे दिसतात का ते बघायला वाकले. वाकताना पाय सुटला. परत पहिल्यापासून. चारदा असं झाल्यावर मिस्त्री बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "मालक, तुमचा स्वभाव ह्या कामाला चालायचा न्हाय. सांगितल्याबिगर पाय न उचलणारं माणूस बसवा."

असं माणूस घरात कोण, याचा विचार करायला कुणालाच वेळ लागला नाही.

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. शेळगावची सून आणि ट्रॅक्टरवर? पण तात्यांची पट्टी त्यांनाही ठाऊक होती; शब्द त्यांच्याच लेकाने दिला होता. त्यांनी ट्रॅक्टरच्या छपराच्या तोंडाला घोंगडी बांधली, बाहेर स्वतः सूप घेऊन पाखडत बसल्या, आणि मी नऊवारीचा काचा आवळून त्या लोखंडी बैठकीवर चढले. पाय कसाबसा पोचत होता.

"वैनी, दाबा."

दाबला.

"धरा... धरा... सोडा."

सोडला. मला काय मजा आली म्हणून सांगू! सासरी आल्यापासून पहिल्यांदा मी काहीतरी दाबत होते आणि माझं तोंड सोडून दुसरं काहीतरी दाबलं जात होतं. पाय दिला की तळव्याखाली स्पंजासारखं मऊ लागायचं. हळूहळू ते घट्ट होत गेलं. मध्येच तेल संपलं. मिस्त्री म्हणाला, ब्रेकचं तेल आता पुण्याशिवाय मिळायचं नाही, पण एरंडेलात स्पिरिट मिसळलं की काम भागतं. एरंडेल घरात होतं. स्पिरिट त्याने पिशवीतून काढलं, दारूबंदीच्या दिवसांत कुठून आणलं ते आम्ही विचारलं नाही. घोंगडीपलीकडून आत्याबाई म्हणाल्या, "एरंडेल पाजताय त्येला? मग रातभर छपरात र्‍हाणार कोण?"

पायाखाली ब्रेक दगडासारखा टणक झाला. मिस्त्रीने पैजेवर सांगितलं की आता बोटभर जागेत थांबेल. हे बसले, अंगणातून निघाले, पाय दिला. ट्रॅक्टर आरामात चालत राहिला आणि उरलेल्या अर्ध्या गंजीत गेला.

मग मिस्त्री म्हणाला, आतले रबरी वायसर फुगले असतील. पुण्याहून वायसर आले, बसवले, परत मी वर, परत "दाबा, धरा, सोडा". तीच गत. पाय टणक, चाक मोकळं. मिस्त्री विडी ओढत ट्रॅक्टरभोवती फिरू लागला आणि फिरता फिरता म्हणाला की गाडीवर कुणाची नजर असंल. त्या दिवशी तो जेवून बारामतीला गेला, तो ये म्हटल्याशिवाय आला नाही. आत्याबाईंनी मात्र लगेच लिंबू-मिरची बांधली.

दसरा गेला. तिकडून तात्यांचा निरोप आला, दुधाच्या गाडीवाल्याबरोबर. "जावईबापूंना म्हणावं, घाई न्हाय. सवडीनं या." हे खूष झाले. म्हणाले, बघ, तात्या किती समजूतदार! मी चुलीपुढे बसून डोळे पुसले. माझा बाप आयुष्यात कधी "सवडीनं" म्हणालेला नाही. ताट मांडायला उशीर झाला तर उठून शेतावर जाणारा माणूस. ते घाई नाही म्हणतात, म्हणजे ऑक्टोबरचं ऊन सरत चाललं होतं, हरळीच्या मुळ्या वर काढून वाळवायचे दिवस निघून चालले होते, आणि पारावर लोक विचारायला लागले होते. लेकीला सासरी ऐकून घ्यावं लागू नये म्हणून ते "सवडीनं" म्हणत होते. मला रडू आवरेना, आणि ह्यांचा असा राग आला की त्या रात्री मी त्यांच्या आमटीत मीठ घातलं नाही. ते गुपचूप जेवले. म्हणजे त्यांनाही कळलं असणार.

दुसऱ्या दिवसापासून हे ओढ्याच्या उतारावर ट्रॅक्टर नेऊन चढ-उतार करू लागले. रिकाम्या ट्रॅक्टरवर नुसता ब्रेक दाबत उतरायचे, परत वर. कशाने तरी लागेल, ही आशा. मी त्यांची भाकरी घेऊन गेले. ओढ्याच्या अलीकडे पोचले आणि थबकले. तूप कढत होतं.

मला वाटलं, कुणीतरी रानात चूल मांडलीय. चूल नव्हती. वास वाऱ्यावर येत-जात होता, आणि नुसता तुपाचा नव्हता, बेरी करपायला लागल्यावर येतो तसा. शिवाय त्यात हळद. मी नाक वर करून चालत गेले. वास ट्रॅक्टरपाशी सगळ्यात जास्त. मी वाकले. चाकाच्या त्या गोल डब्याला हात लावला तो चटका बसला, आणि डब्याच्या कडेने पिवळा थेंब ओघळत होता. मी बोटावर घेतला, हुंगला.

"अहो," म्हटलं, "तुमच्या विमानात तूप आहे."

ह्यांना वाटलं मी थट्टा करते. त्या बिनमिठाच्या आमटीनंतर त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता. पण त्यांनीही हुंगलं. ट्रॅक्टर कसाबसा घरी आणला, चाक उतरवलं, डबा खोलला. आत त्या दोन्ही पट्ट्या हळदीने न्हालेल्या, तुपाने चकचकीत. दुसरं चाक उतरवलं. तिथेही तेच. अशा पट्ट्यांनी चाक धरायचं म्हणजे लोणी लावलेल्या हाताने परात धरायची.

"आबा!" हे ओरडले.

माझे सासरे, मी त्यांना मामंजी म्हणायची, गोठ्यात बैलांना वैरण टाकत होते. त्यांच्या वडिलांनी मेंढरं राखली, मामंजींनी स्वतः पहिल्यांदा बैल धरले. जनावरांच्या बाबतीत त्यांना कुणी काही शिकवायचं नाही. शांतपणे आले, डब्यात डोकावले, आणि समाधानाने म्हणाले, "आजून हाय की. चांगलं मुरलंय."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळण असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सुजतात, घट्टे पडतात. म्हणून ते ऊन पाण्याने शेकायचे, हळद-लोण्याने मळायचे, आणि बैलाला दुसऱ्या दिवशी जेवायला या म्हणून आवतण द्यायचं. त्या वर्षी मामंजींनी दोन्ही बैलांचे खांदे मळले आणि मागे वळून बघितलं, तर छपरात हा ट्रॅक्टर उभा. उन्हाळाभर त्यानेच भावकीची रानं नांगरलेली. त्याला तसाच सोडायचा?

"खांदा कुठं हाय, ते मातर लवकर घावंना," मामंजी म्हणाले. "मग म्हणलं, वढतंय तर चाकच. चाकाच्या मुळापाशी, डब्याला एक खिडकी हाय. तितंच आसंल. लोणी पातळ केलं, हळद घातली, बैलाला तेल पाजायची नळी हाय न्हवं, त्या नळीनं सोडलं आत. दोनी बाजूला सारखं. एकाला द्यायाचं आन् एकाला न्हाय, आसं कसं चालंल?"

हे डोकं धरून खाली बसले. मी मात्र मामंजींकडे बघत होते. तो म्हातारा अंधार पडताना एकटा त्या यंत्रापाशी वाकून, नळीने लोणी पाजत, त्याला उद्या जेवायला ये म्हणत असेल, हे डोळ्यांपुढे आलं आणि मला त्यांच्यावर रागावताच येईना. रागावायला आत्याबाई होत्या. त्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

"म्हंजी माझा लोण्याचा गोळा..."

"व्हय," मामंजी म्हणाले.

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. आत गेल्या. पण त्या रात्री माझ्या भाकरीवर न मागता लोणी पडलं, आणि ते मला खावं लागलं. आवडत नाही म्हणायची ती वेळ नव्हती.

दुरुस्तीला वेळ लागला. ह्यांनी पट्ट्या पेट्रोलने धुतल्या, कानशीने घासल्या. ओढ्यावर दोन फेऱ्या मारल्या की परत तूप सुटायचं. शेवटी मिस्त्रीने बारामतीत नव्या पट्ट्या तांब्याच्या रिबिटांनी ठोकून दिल्या. लोखंडी डबे मी धुतले. तुपाचं भांडं कसं निघतं ते मिस्त्रीला कुठे ठाऊक? उकळतं पाणी, धुण्याचा सोडा, राख, नारळाची शेंडी, आणि पुन्हा उकळतं पाणी. मिस्त्रीने बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, "वैनी, गॅरेजला चला." आत्याबाईंनी त्याला चहा दिला नाही.

मामंजी दोन दिवस छपराकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी चाकापाशी येऊन म्हणाले, "पुढच्या साली टायरला नुसती हळद लावतो. चालंल?" हे म्हणाले, चालेल.

दिवाळी तोंडावर असताना आम्ही निघालो. मागे लोखंडी नांगर, चाकावरच्या पत्र्यावर मी, हातात फराळाची परडी. अंथुर्ण्यात शिरलो तर पारावरची सगळी माणसं मागोमाग आली. कालव्याच्या भरावावर तात्या उभे होते. वाळले होते. ह्यांना रामराम केला, मला म्हणाले, "उतर खाली, पोरी. उताराला रिकामा जाऊ दे."

"मी नाही उतरणार," मी म्हटलं.

"आगं, खाली हीर हाय!"

"ठाऊक आहे. ह्या ब्रेकवर ह्यांच्यापेक्षा माझा पाय जास्त पडलाय. तो लागणार नसेल तर मला माहेरी तरी कशाला यायचंय?"

तात्यांनी वहाणा काढल्या. उताराच्या कडेकडेने, ट्रॅक्टरच्या बरोबरीने, उघड्या पायांनी चालू लागले. मला वाटतं, वेळ आलीच असती तर हाताने धरणार होते. ट्रॅक्टर तोंड खाली करून निघाला. मला विहिरीतलं पाणी दिसलं, त्यात आभाळ दिसलं, आणि माझा पाय पत्र्यावरच आपोआप जोरात दाबला गेला. ह्यांनीही दाबला. ट्रॅक्टर मध्यावर उभा राहिला. तसाच, उतारावर, नाक खाली करून, जागच्या जागी. ह्यांनी मुद्दाम पाय उचलला, हातभर जाऊ दिला, परत थांबवला. वर भरावावर कुणीतरी शिट्टी मारली. तात्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि दुसरीकडे तोंड केलं.

पट्टीच्या कडेला नारळ, हळद-कुंकू तयार होतं. पूजा झाली, नारळ फुटला. आता पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली ओळ. मी रीतीप्रमाणे मागे सरले. बाईमाणसाने नांगराला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे मूल चालायला लागायच्या आधी कळतं. लोक ह्यांची तारीफ करत होते. ह्यांनी त्यांना थांबवलं आणि, एवढ्या वर्षांनी सांगते, त्या दिवशी मी त्यांचं पंगतीतलं बोलणं माफ केलं. म्हणाले, "तात्या, ब्रेक मी नाही दुरुस्त केला. हिने केला. नाकाने शोधला, पायाने दाबला, हाताने धुतला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला कुठे जाऊ नि कुठे नको असं झालं. तात्यांनी हातातला खोबऱ्याचा तुकडा परत ताटात ठेवला. मग पारावरच्या मंडळींकडे वळून म्हणाले, "बाईनं नांगराला हात लावू न्हाय म्हणत्यात. पायाचं कुणी काय म्हणलेलं माझ्या तर ऐकण्यात न्हाय." आणि मला म्हणाले, "बस वर."

मी बसले. हे बाजूला उभे राहून काय कधी दाबायचं ते सांगत होते, नांगर मातीत शिरला, हरळीची मुळं तडातडा तुटायला लागली, आणि वळवायचं चाक माझ्या हातात राहीना. तास ह्या बांधाकडून त्या बांधाकडे नागमोडी गेलं. मागे कुणीतरी हसलं. तात्या तासातून अनवाणी चालत येत होते, आणि त्यांचा आवाज इंजिनाच्या वर मला ऐकू आला.

"वाकडं न्हाय गेलेलं! हरळीच तशी हाय तितं!"